शत्रु मागें कां वळला ?

ज्यांच्या घरीं दहाबारा वर्षांचें मूल आहे अशा आमच्या वाचकांस संगणकावरील खेळांचें एक तर कौतुक तरी असतें, नाहीं तर पुरा वीट तरी आलेला असतो. आम्ही स्वतः कालपरवांपर्यंत दुसऱ्या वर्गांतले. पडद्यावर कांहींतरी धांवत आहे आणि घरांतील पोरें जेवणाच्या हांकेस ओ देत नाहींत, एवढाच या खेळांशीं आमचा परिचय होता. परंतु गेल्या दिवाळींत आमच्या घरीं अशाच एका खेळांत लढाई झाली, ती आम्ही हरलों, आणि त्या पराभवानें घरांतील सर्वांत वडील माणूस दोन दिवस अबोल होऊन बसला. त्या अबोल्याचें मूळ शोधतां शोधतां आम्हांस जें कळलें तें येथें सांगत आहों.

खेळाचें नांव ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’. डेव्हिड व्हाइट नांवाच्या गृहस्थानें तो २००३ सालीं प्रथम लोकांपुढें ठेवला, आणि पुढें देशोदेशींच्या हौशी मंडळींनीं मिळून तो वाढविला. त्यास मोल पडत नाहीं; इतकेंच नव्हे, तर ज्या आज्ञावलीवर हा खेळ चालतो ती कोणासही उघडून वाचतां येते. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, पुढें तिचें काम पडणार आहे.

धडाधड गोळ्या झाडण्याच्या जातीचा हा खेळ नव्हे. बुद्धिबळाप्रमाणें येथें पाळी असते. आपली पाळी पुरी होईपर्यंत शत्रु जागचा हलत नाहीं, आणि विचार करण्यास हवा तेवढा वेळ मिळतो. मात्र बुद्धिबळांत एका पाळीस एकच मोहरा हलवावयाचा, येथें आपलें सारें सैन्य हलवितां येतें. पट षट्कोनी घरांचा असून त्यावर अरण्य, डोंगर, नदी, खेडीं असा सगळा मुलूख मांडलेला असतो. कोणी कोठें उभें राहावें याला फार महत्त्व, कारण वार चुकण्याचा संभव जमिनीवर अवलंबून असतो. खेडें हातीं असलें तर दर पाळीस सोन्याचीं नाणीं मिळतात व तेथें थांबलेल्या सैनिकाच्या जखमा भरून येतात. प्रत्येक पक्षाचा एक सरदार असतो. तो आपल्या बालेकिल्ल्यांत उभा असेल तरच नाणीं खर्चून नवी भरती करूं शकतो. आणि तो पडला कीं बहुधा लढाई संपली.

याशिवाय आणखी एक मौज आहे. पटावर दिवस उजाडतो आणि मावळतो. पहांट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर, अशा सहा पाळ्यांचा एक अहोरात्र. राजाच्या पक्षाचीं बहुतेक माणसें दिवसाचीं. त्यांचा वार दिवसां सव्वापट बसतो, रात्रीं पाऊणपट. ऑर्क म्हणून जे राक्षस आहेत त्यांचें नेमकें उलट.

आमच्या धाकट्या पुतण्यानें राजाचा पक्ष घेतला होता आणि समोर ऑर्कांचें सैन्य संगणक चालवीत होता. सुटीचा दिवस, दुपारची वेळ. आमचे थोरले काका, ज्यांस सारें घर अण्णा म्हणतें, आरामखुर्ची सरकवून त्याच्या मागें येऊन बसले. अण्णांचें वय एक्याऐंशीं. साठ वर्षें ते बुद्धिबळ खेळत आले आहेत, आणि समोरच्याच्या चालीवरून त्याच्या पोटांत काय आहे हें ओळखण्यांत त्यांचा हात धरणारें आमच्या आळींत कोणी नाहीं, असें आळीच सांगते.

पडद्यावर तेव्हां सकाळ होती. ऑर्कांचे दोन शिपाई आणि लांडग्यावर बसलेला एक स्वार नदी ओलांडून आमच्या बालेकिल्ल्याच्या रोखानें आले होते. आणखी एका चालीची मजल राहिली होती. पुतण्यानें आपली पाळी संपविली. आतां राक्षस येऊन भिडणार म्हणून तो ओठ चावून बसला, तों स्वारानें लांडगा फिरविला आणि थेट पाठीमागच्या नदीकांठच्या खेड्याकडे कूच केलें. एक शिपाईही वळला आणि डाव्या अंगाच्या दुसऱ्या खेड्यांत जाऊन बसला. तिसरा तेवढा पुढें आला, तोही एकटाच.

“आजोबा, हे परत कां चालले ?” पोरानें विचारलें.

अण्णांनीं चष्मा पुसून पुनः डोळ्यांवर चढविला. “परत चालले नाहींत रे. तुला ओढताहेत. पळतां पळतां उलटून मारणें ही तर आपल्याकडची जुनी विद्या. हा जो एकटा पुढें आला आहे ना, तें आमिष. त्याला हात लावूं नकोस.”

स्वयंपाकघराच्या दारांतून वहिनींनीं चकलीची परात हातांत घेऊनच डोकावून पाहिलें. त्या म्हणाल्या, “कसलें आमिष ! मेला आपल्या पोरांसारखाच आहे. वाटेंत दिसेल तें उचलीत सुटतो.” वहिनींच्या या मताकडे कोणींही लक्ष दिलें नाहीं.

मग अण्णांच्या सल्ल्यानें सैन्य मागें घेण्यांत आलें. आमिषास कोणीं शिवलें नाहीं. बालेकिल्ला तीन बाजूंनीं उघडा दिसत होता, म्हणून सरदारास तेथून काढून मागील टेकडीवर नेलें आणि भोंवतीं शिपायांचें कडें उभें केलें. शास्त्राला धरूनच सारें झालें. घात मात्र त्यानेंच केला. सकाळ आणि दुपार, म्हणजे आमच्या माणसांचा वार सव्वापट बसण्याच्या दोन्ही पाळ्या, लपून बसण्यांत गेल्या. खजिन्यांत नाणीं असून सरदार बालेकिल्ल्याबाहेर असल्यामुळें भरती करतां येईना. तिकडे ऑर्कांनीं आणखी दोन खेडीं घेतलीं. संध्याकाळ झाली, अंधार पडला, आणि ज्यांनीं पाठ दाखविली होती तेच राक्षस नव्या भरतीसह परत आले. रात्रीच्या दुसऱ्या प्रहरीं आमचा सरदार टेकडीवर पडला.

“पाहिलेंस ? मीं म्हटलें नव्हतें, डाव खोल आहे म्हणून !” अण्णा म्हणाले. परंतु त्या आवाजांत विजयही नव्हता आणि समाधानही नव्हतें. पोराच्या डोळ्यांत पाणी आलें होतें, आणि आपल्या सल्ल्यानें तें आलें हें अण्णांस कळत होतें.

भाऊबीजेस आमची पुतणी आली. ती बंगळूरला संगणकाच्याच धंद्यांत आहे. धाकट्या भावानें ओवाळणीच्या ताटासमोरच आपलें रडगाणें तिला ऐकविलें. तिनें हंसून मांडीवर आपला संगणक उघडला. खेळाची आज्ञावली उघडी आहे असें वर सांगितलेंच आहे. त्यामुळें शत्रूच्या पोटांत काय होतें हें तर्कानें ओळखण्याची गरज नव्हती, वाचून पाहतां येत होतें. आयुष्यभर जें अनुमानानें जोखलें तें असें लिहिलेलें सांपडावें, हें अण्णांस प्रथम कसेंसेंच वाटलें असावें. तरी ते उठून गेले नाहींत.

तिनें समजाविलें तें असें. संगणकाची पाळी आली कीं त्याच्यापुढें करावयाच्या कामांची एक यादी असते आणि प्रत्येक कामास एक अंक लावून दिलेला असतो. भरतीस १,८०,०००, हल्ल्यास १,००,०००, खेडें घेण्यास ६०,०००, आणि दूरच्या लक्ष्याच्या दिशेनें नुसतें चालण्यास २०,०००. मध्यें आणखीही कांहीं कामें आहेत, जसें सरदारास बालेकिल्ल्यांत परत नेणें, जखमींना आसऱ्यास धाडणें, बळ कमी दिसल्यास माघार घेणें. त्या क्षणीं जें काम करतां येण्याजोगें आहे, त्यांतील सर्वांत मोठ्या अंकाचें तो करतो. तें झालें कीं सारी यादी पुनः पहिल्यापासून तपासतो. आणि करण्याजोगें कांहीं उरलें नाहीं म्हणजे पाळी सोडतो. लग्नांतील मानाच्या यादीसारखाच हा प्रकार. मामांचा मान आधीं, मग आत्याचा. मामा हजर नसले तर आत्याबाई पुढें. त्यांत कोणाच्या मनांत कोणाविषयीं काय आहे याचा संबंध नाहीं.

“आतां तो लांडगेस्वार पाहा,” पुतणी म्हणाली. “त्या चालींत त्याला आपल्या कोणाहीपर्यंत पोंचतां येत नव्हतें. म्हणजे हल्ल्याचें काम बाद झालें. पण मागचें खेडें त्याच्या एका मजलेंत होतें. साठ हजार आणि वीस हजार, यांत मोठें कोणतें ? म्हणून तो वळला. ज्या शिपायाच्या टप्प्यांत एकही खेडें नव्हतें तो वीस हजारांवर सरळ पुढें आला. तेंच तुमचें आमिष.”

“आणि रात्रीं सगळे एकदम परत आले तें ?”

“खेडीं घेऊन झालीं होतीं, अण्णा. आतां यादींत चालणेंच उरलें होतें.”

अण्णांनीं बराच वेळ पडद्याकडे पाहिलें. मग ते म्हणाले, “आदल्या पाळीस आपण काय योजलें होतें, हें त्याच्या ध्यानांत तरी असतें का ?” पुतणीनें सांगितलें कीं या मूळच्या आज्ञावलींत पाळीमागून पाळी चालणारा असा कोणताही बेत नाहीं, प्रत्येक पाळीस पट जसा दिसेल तसा नव्यानें हिशेब होतो. दोन पाळ्यांनीं रात्र पडणार आहे, तेव्हां तोंवर दम धरावा, अशी दूरदृष्टि त्यांत नाहीं. रात्र आली ती आपोआप आली, आणि राक्षसांच्या कामीं पडली.

अशा खेळांत गोंधळून टाकणारी दुसरीही एक गोष्ट पुतण्यानें याच वेळीं काढली. मजबूत तटबंदींत बसलेल्या आपल्या शिपायावर एखादा ऑर्क एकटाच धांवून येतो आणि हकनाक मरतो, हें कसें ? त्याचेंही उत्तर यादीशेजारींच होतें. हल्ला करावा कीं नाहीं हें ठरवितांना संगणक शत्रूस मारण्याचा संभव आणि त्या शत्रूची किंमत यांचा गुणाकार करतो, आणि त्यांतून स्वतःचें संभाव्य नुकसान वजा करतो. पण तें नुकसान पुरें धरीत नाहीं. आक्रमकपणाचा एक अंक आहे, तो सामान्यतः ०.४ ठेवलेला असतो. तेवढा भाग सोडून बाकीचेंच नुकसान हिशेबीं लागतें. म्हणजे गांठचा रुपया गेला तरी साठच पैसे गेले असें तो समजतो. तोच अंक १ केला तर आपलीं माणसें मेलीं काय, राहिलीं काय, त्यास सारखेंच. शौर्य, संताप, सूड असें जें जें आम्हांस त्या राक्षसांच्या ठायीं दिसलें होतें, तें या एका दशांशचिन्हांत मावत होतें. वहिनी तेथेंच उभ्या होत्या. त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण बोलण्याची त्यांस गरजही नव्हती. घरांतील सर्व शहाण्यांमध्यें शत्रूस बरोबर ओळखलें होतें तें त्यांनींच, आणि तेंही एका नजरेंत.

येथें आम्हांस एक सांगावेंसें वाटतें. ही आज्ञावली उघडी होती म्हणून कोडें सुटलें. जेथें ती झांकलेली असते तेथें माणसें काय काय रचतात याची एक गोष्ट आपल्या देशाशीं संबंध असलेली आहे. ‘सिव्हिलायझेशन’ म्हणून १९९१ सालचा, सिड मायर यांचा प्रसिद्ध खेळ आहे. त्यांत हिंदुस्थानचा नायक म्हणून महात्मा गांधी आहेत. हे गांधी एकाएकीं अण्वस्त्रांच्या धमक्या देऊं लागतात, आणि त्याचें कारण म्हणून खेळणाऱ्यांमध्यें एक उपपत्ति पसरली. गांधींच्या आक्रमकपणाचा अंक सर्वांत कमी, म्हणजे १. लोकशाही आली कीं त्यांतून २ वजा होतात. संगणकास शून्याखालचा अंक तेथें मांडतां येत नाहीं म्हणून तो उलटा फिरून २५५ होतो. आणि अहिंसेचा पुजारी बाँब टाकूं लागतो. इतकी चोख उपपत्ति कीं ती खोटी आहे असें कोणाच्या मनांतही येऊं नये. परंतु मायर यांनीं २०२० सालीं आपल्या आत्मवृत्तांत स्पष्ट सांगितलें कीं असा कांहीं दोष त्या खेळांत नव्हताच. अण्वस्त्रें हातीं आलीं म्हणजे कोणत्याही राष्ट्राचा नायक तींच धमकीचीं वाक्यें बोलत असे. गांधींच्या तोंडीं तीं विसंगत वाटलीं म्हणून तेवढींच लोकांच्या स्मरणांत राहिलीं. पुढें २०१० सालच्या पांचव्या आवृत्तींत मात्र करणारांनीं गंमत म्हणून गांधींचा अण्वस्त्रांचा सोस मुद्दामच भरमसाट ठेवला. तेव्हां दंतकथेला नंतर पुरावाही मिळाला!

म्हणजे यंत्रांत नसलेला बिघाड माणसें शोधून काढतात. त्याच्या उलट, खऱ्या बिघाडास बुद्धि समजण्याची चूक अधिक महाग पडते, आणि ती करणारांत बुद्धिबळाचा त्या काळचा जगज्जेता होता. ही हकीकत आम्हीं अण्णांस त्या रात्रीं मुद्दाम सांगितली. त्यांचें जेवण झालें नव्हतें.

१९९७ सालच्या मे महिन्यांत न्यूयॉर्क येथें गॅरी कास्पारोव्ह व आय. बी. एम. कंपनीचें ‘डीप ब्लू’ हें यंत्र यांचे सहा डाव झाले. आदल्या वर्षीं फिलाडेल्फियास त्यानें या यंत्रास ४–२ असें हरविलें होतें. पहिला डावही त्यानेंच जिंकला. परंतु त्या डावांत, यंत्राची बाजू पडलेलीच असतां, चव्वेचाळिसाव्या चालीस त्यानें आपला हत्ती असा कांहीं खेळविला कीं त्याचा अर्थच लागेना. पुढच्याच चालीस त्यानें डाव सोडला. कास्पारोव्ह आणि त्याचे साहाय्यक त्या चालीवर विचार करीत बसले, आणि त्यांनीं काढलेला निष्कर्ष असा सांगतात : दुसरी कोणतीही चाल खेळली तरी वीसांहून अधिक चालींनंतर मात होणार, हें यंत्रास दिसलें असलें पाहिजे. इतक्या दूरचें पाहणाऱ्याशीं खेळावयाचें तरी कसें ?

दुसऱ्या डावांत यंत्र खरोखरच सुरेख खेळलें. कास्पारोव्हनें डाव सोडून दिला. आणि मागाहून अभ्यासकांनीं दाखवून दिलें कीं त्या स्थितींत एकसारखे शह देत राहून त्यास डाव बरोबरींत सोडवितां आला असता. त्याच्यासारख्यास ही वाट दिसूं नये ? पण यंत्रानें ती मोकळी ठेवली असेलच कशी, असा त्याचा समज झाला असल्यास नवल नाहीं. यंत्राच्या खेळामागें माणसाचा हात असावा असा संशयही त्यानें बोलून दाखविला. पुढचे तीन डाव बरोबरींत सुटले, सहावा अवघ्या एकोणीस चालींत तो हरला, आणि ११ मे रोजीं सामना ३½–२½ असा यंत्राकडे गेला.

त्या हत्तीच्या चालीचें काय ? यंत्र बनविणारांपैकीं एक, मरे कॅम्बेल, यांनीं तें पुढें नेट सिल्व्हर या लेखकास सांगितलें आणि २०१२ सालच्या त्याच्या पुस्तकांत तें छापून आलें. ती आज्ञावलींतील चूक होती. यंत्रास कोणती चाल करावी हें ठरवितां येईना, तेव्हां तें अडून बसूं नये म्हणून ठेवलेल्या सोयीप्रमाणें त्यानें भलतीच एक चाल खेळून टाकली. दुसऱ्या डावांत एखादी भलती चाल होऊन सारें हंसें होऊं नये म्हणून ती चूक बनविणारांनीं लगोलग दुरुस्तही केली होती.

आमची अपेक्षा अशी कीं हें ऐकून अण्णांस बरें वाटेल. जगज्जेता जेथें फसला तेथें आपण फसलों यांत कमीपणा काय? परंतु अण्णा बराच वेळ सुपारी कातरीत राहिले.

“म्हणजे कास्पारोव्ह हरला,” शेवटीं ते म्हणाले, “पण तो हरला कोणाला ? समोर तर कोणी नव्हतें.”

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. यंत्र दर सेकंदास वीस कोटी स्थिति तपाशीत होतें, हा आंकडा आम्हांस ठाऊक होता. पण अण्णांनीं तें विचारलें नव्हतें. साठ वर्षें ते ज्या पटावर बसले त्याच्या पलीकडे नेहमीं कोणीतरी बसलेलें असे. त्या कोणाचे डोळे कोठें जातात, हात कोठें अडखळतो, चहा गार होतो कीं काय, हें पाहून त्यांनीं आपले डाव रचले. त्या विद्येचा आतां काय उपयोग, असें त्यांस वाटत असावें. किंवा कदाचित् आम्हींच तें त्यांच्या मनांत घालीत असूं. मन वाचण्याची खोड एकदां लागली म्हणजे सुटत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं माजघरांत कांहीं बोलणें ऐकूं आलें म्हणून आम्ही गेलों. अण्णा पुतण्याशेजारीं पाटावर बसले होते, आणि लढाई पुनः पहिल्यापासून मांडली होती. या वेळीं सरदार बालेकिल्ल्यांतून हलला नव्हता. नदीकांठचें खेडें अण्णांनीं रिकामें सोडविलें होतें, आणि एक घोडेस्वार जवळच्या रानांत उभा केला होता. लांडगेस्वार आला, खेडें एका मजलेंत होतें, आमचें माणूस नव्हतें, तो वळला व खेड्यांत शिरला. तेथून तो पुढें निघाला कीं आमच्या घोडेस्वारानें खेडें परत घ्यावयाचें, कीं पुनः तो मागें. दोन वेळां असें झालें. तेवढ्यांत बाकीच्या सैन्यानें भर दुपारीं, सव्वापट वारानें, उरलेल्या दोघां ऑर्कांस गांठून लोळविलें. पोर टाळ्या पिटीत होतें.

तिसऱ्या खेपेस लांडगेस्वार पुनः अर्ध्या वाटेवरून फिरला, तेव्हां अण्णा पडद्याकडे वांकले आणि एखाद्या जुन्या खेळगड्याशीं बोलावें तसे त्याला म्हणाले, “कां रे, वळलास ना शेवटीं ?”

मग त्यांनीं पुतण्यास पुढची चाल सांगितली आणि वहिनींकडे चहा मागितला.